युद्धाआधीच्या गुप्तचर दाव्यांची चौकशी लांबते कशी? सिनेटच्या 'दुसऱ्या टप्प्या'ची चार वर्षं

ऋतुगंध

इराकवर २० मार्च २००३ रोजी हल्ला झाला. त्याआधी अमेरिकी सरकारनं इराककडच्या शस्त्रांबद्दल जे ठासून सांगितलं होतं, त्यातलं बरंचसं नंतर खोटं ठरलं. हे दावे आले कुठून, हे तपासायचं काम सिनेटच्या गुप्तचर समितीनं जून २००३ मध्ये हाती घेतलं. पहिला अहवाल ९ जुलै २००४ ला आला. ५११ पानं, ११७ निष्कर्ष, एकमतानं मंजूर. त्यात रोख सगळा गुप्तचर यंत्रणांवर होता. राज्यकर्त्यांनी त्या माहितीचं काय केलं, हा प्रश्न 'दुसऱ्या टप्प्या'साठी राखून ठेवला होता. त्या टप्प्यालाही समितीनं १२ फेब्रुवारी २००४ ला एकमतानं मान्यता दिली होती. त्याचे शेवटचे दोन अहवाल बाहेर पडले ५ जून २००८ ला.

म्हणजे चार वर्षं आणि वर जवळजवळ चार महिने. मध्ये अध्यक्षपदाची एक निवडणूक झाली, काँग्रेसची मध्यावधी निवडणूक झाली, सिनेटचं बहुमत एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेलं. तोवर इराकमध्ये मेलेल्या अमेरिकी सैनिकांचा आकडा ४,००० च्या पुढे गेला होता. इराकी माणसं किती गेली, याची तर धड मोजदादही नाही.

या सगळ्या काळात 'आम्ही चौकशी करणार नाही' असं एकदाही कुणी म्हटलं नाही. प्रत्येक वळणावर ऐकायला रास्त वाटेल असं कारण हजर होतं. म्हणून धाग्याचा प्रश्न असा: लांबवणं नेमकं कोणत्या पायऱ्यांवर घडतं? आणि कामाला खरोखर लागणारा वेळ कुठे संपतो, चालढकल कुठे सुरू होते, हे बाहेरच्या माणसानं ओळखायचं कसं?

कागदपत्री

पहिली पायरी तुम्हीच लिहिली आहे: चौकशीचे दोन तुकडे करणं. फेब्रुवारी २००४ मधली तडजोड नीट पाहा. समितीचे अध्यक्ष कॅन्ससचे रिपब्लिकन पॅट रॉबर्ट्स, उपाध्यक्ष वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट जे रॉकफेलर. डेमोक्रॅट सदस्यांना राज्यकर्त्यांची विधानं तपासायची होती, रॉबर्ट्स यांना चौकशी यंत्रणांपुरती ठेवायची होती. तोडगा निघाला तो असा की कार्यकक्षा वाढवायची, पण वाढवलेला भाग नंतर करायचा.

त्या भागात पाच विषय होते. सरकारी अधिकाऱ्यांच्या जाहीर विधानांना गुप्तचर माहितीचा आधार होता का. युद्धानंतर प्रत्यक्ष जे सापडलं ते आधीच्या अंदाजांशी कितपत जुळतं. युद्धानंतरचा इराक कसा असेल याचे आधीचे अंदाज काय होते. संरक्षण खात्यात धोरण सांभाळणाऱ्या डग्लस फाइथ यांच्या कार्यालयानं समांतर गुप्तचर काम केलं का. आणि अहमद चलाबींच्या इराकी नॅशनल काँग्रेस या सद्दामविरोधी संघटनेकडून आलेली माहिती कशी वापरली गेली.

यातला पहिला आणि चौथा विषय थेट व्हाइट हाउस आणि पेंटॅगॉनच्या दारात जातात. शेवटपर्यंत रखडले तेही नेमके हेच दोन. बाकीचे तीन त्यांच्या आधी बाहेर आले. माझ्या मते तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. काम अवघड म्हणून उशीर झाला असता, तर तो पाचही विषयांना थोडाफार सारखा झाला असता.

सांजवारा

वाचतेय. वाचनखूण साठवली.

उत्तरध्रुव

कागदपत्री, पटलं नाही. पाच विषय सारखे अवघड नव्हतेच. 'युद्धानंतर काय सापडलं' याच्यासाठी तयार सामग्री होती: युद्धानंतर शस्त्रं शोधणाऱ्या इराक सर्व्हे ग्रुपचा २००४ चा अहवाल. 'युद्धानंतरच्या इराकचे अंदाज' याच्यासाठी जानेवारी २००३ मधले दोन दस्तऐवज समोर होते. याउलट विधानांच्या विषयात आधी ठरवायचं कोणाची विधानं, मग कोणती, मग ती कशाशी ताडून पाहायची. एकेका वाक्यावर भांडण.

आणि जानेवारी २००७ मध्ये डेमोक्रॅट बहुमतात आले, रॉकफेलर अध्यक्ष झाले. त्यानंतरही शेवटचे दोन अहवाल यायला आणखी सतरा महिने लागलेच ना? सगळा दोष रॉबर्ट्स यांच्या माथी मारला, तर त्या सतरा महिन्यांचा हिशोब लागत नाही.

निवडणुकीवर डोळा एकाच बाजूचा होता असंही नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये समितीतल्या डेमोक्रॅट कर्मचाऱ्यांचं एक टिपण फुटलं. बहुमताच्या चौकशीतून जेवढं निघेल तेवढं काढून घ्यायचं आणि योग्य वेळ साधून स्वतंत्र चौकशीची मागणी करायची, असा त्याचा सूर होता. बहुमताचे नेते बिल फ्रिस्ट यांनी त्यावरून समितीतलं सहकार्यच थांबवलं. तोही उशीरच.

कागदपत्री

त्या टिपणाचा मुद्दा मान्य. अशी चौकशी समितीतल्या विश्वासावर चालते आणि तो त्या टिपणानं बराच मोडला.

सतरा महिन्यांबद्दल मात्र एक गोष्ट धरा. फाइथ यांच्या कार्यालयाचा विषय रॉबर्ट्स यांनी सप्टेंबर २००५ मध्ये संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांकडे धाडला होता. समितीचं त्या विषयातलं काम त्यामुळे थांबलं. महानिरीक्षकांचा अहवाल आला फेब्रुवारी २००७ मध्ये. जवळजवळ दीड वर्ष गेलं ते असं.

खारवी

हे दुसऱ्याकडे सोपवणं वेगळं लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण कार्यपद्धती म्हणून त्यात काहीच गैर दिसत नाही. महानिरीक्षक हे कायद्यानं नेमलेलं पद आहे, त्यांना फायली पाहता येतात, साक्षी घेता येतात. त्यांचं काम चालू असताना समितीनं त्याच माणसांना बोलावलं तर दोन चौकशा एकमेकींच्या पायात येतात, हा युक्तिवाद वाजवी आहे. पण महानिरीक्षक संरक्षणमंत्र्यांच्या हाताखाली असतो आणि त्याला दिलेला प्रश्न अरुंद असतो. इथे त्यानं उत्तर दिलं की फाइथ यांच्या कार्यालयाची कृती अनुचित होती पण बेकायदा नव्हती. तेवढ्यावर दोन्ही पक्षांनी आपापला विजय जाहीर केला.

रॉबर्ट्स यांची बाजूही नोंदवतो. त्यांचं म्हणणं होतं की रॉकफेलर यांनी फाइथ यांच्या कामाच्या कायदेशीरपणावर जाहीर शंका घेतल्यावर पेंटॅगॉनमधल्या लोकांनी वकील गाठले आणि तोंड उघडायचं बंद केलं. त्यात तथ्य असू शकतं. १९४७ च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यानुसार गुप्तचर कामाची माहिती दोन्ही सभागृहांच्या समित्यांना वेळच्या वेळी द्यावी लागते. फाइथ यांचं कार्यालय 'गुप्तचर काम' करत होतं असं ठरलं असतं, तर ती माहिती न देणं कायद्याचा भंग ठरला असता. अशा ठिकाणी 'बेकायदा' हा शब्द चौकशीच्या शेवटी यावा. आधी उच्चारला की साक्षीदार आटतात.

ऋतुगंध

इराकबद्दलच्या गुप्तचर माहितीतल्या चुका तपासणाऱ्या रॉब-सिल्बरमन आयोगाचा उल्लेख अजून कुणी केला नाही. तो अध्यक्ष बुश यांनी ६ फेब्रुवारी २००४ ला नेमला आणि अहवालाची मुदत ठेवली ३१ मार्च २००५. निवडणूक होती २ नोव्हेंबर २००४ ला. मुदत निवडणुकीपलीकडे नेमणुकीच्या आदेशातच घालून दिली होती.

शिवाय राज्यकर्त्यांनी माहितीचा वापर कसा केला हे तपासायचा अधिकार त्या आयोगाला नव्हता. आयोगानं स्वतःच अहवालात तसं लिहिलं आहे. तरीही मार्च २००५ मध्ये रॉबर्ट्स यांनी दुसरा टप्पा तूर्त बाजूला ठेवल्याचं जाहीर कार्यक्रमात सांगितलं. निवडणूक होऊन गेली होती आणि आयोगाचा अहवाल तोंडावर होता. ज्या आयोगाला तो प्रश्न विचारताच येत नव्हता, त्याचा हवाला त्याच प्रश्नाला उत्तर मिळाल्यासारखा पुढे दिला गेला. मला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा येतो.

मध्यरात्र

मग घोंगडं वाळत घातलं कुणी?

दर्यावर्दी

सिनेटमधले डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांनी, १ नोव्हेंबर २००५ ला. सिनेटचा नियम २१ असा आहे की एखाद्या सदस्यानं बंद दाराआड बैठकीची मागणी केली आणि दुसऱ्या सदस्यानं तिला अनुमोदन दिलं की दारं लागतात. मतदान होत नाही, बहुमताच्या नेत्याची संमती लागत नाही. प्रेक्षक सज्जे रिकामे होतात, पत्रकार बाहेर जातात, कॅमेरे बंद. रीड यांनी मागणी केली, डिक डर्बिन यांनी अनुमोदन दिलं. बैठक साधारण दोन तास चालली. फ्रिस्ट प्रचंड चिडले, कारण असं पाऊल उचलण्याआधी समोरच्या नेत्याला कल्पना द्यायची रीत होती.

वेळ अचूक साधली होती. उपराष्ट्राध्यक्ष चेनी यांचे मुख्य सहायक लुइस लिबी यांच्यावर २८ ऑक्टोबरला आरोपपत्र दाखल झालं होतं. वर्तमानपत्रं पुन्हा इराक नायजरकडून युरेनियम मिळवू पाहत होता या जुन्या दाव्याबद्दल लिहीत होती.

बैठकीतून निघालं काय, तर दोन्ही पक्षांचे तीन-तीन सदस्य, आणि दुसरा टप्पा कुठवर आला हे १४ नोव्हेंबरपर्यंत सांगायची मुदत. अल्पमताच्या हातात फक्त एवढंच असतं. साक्षीसाठी हुकूम काढणं, कर्मचारी कोणत्या कामाला लावायचे हे ठरवणं, अहवाल मताला टाकणं, सगळं बहुमताकडे. सिनेटच्या गुप्तचर समितीची रचना इतर समित्यांपेक्षा बरी आहे, कारण ती ज्यानं स्थापन झाली त्या १९७६ च्या ठरावानुसार बहुमताला एकाच जागेची आघाडी मिळते आणि अध्यक्ष नसेल तर अल्पमताचा उपाध्यक्ष बैठक चालवतो. तरी आठ विरुद्ध सात म्हणजे शेवटी आठच.

उत्तरध्रुव

पण त्या आठातला एक फुटला की चित्र पालटतं. ८ सप्टेंबर २००६ ला दुसऱ्या टप्प्याचे पहिले दोन अहवाल आले. चलाबींच्या संघटनेवरच्या अहवालात चक हेगल आणि ऑलिंपिया स्नो हे दोन रिपब्लिकन डेमोक्रॅट सदस्यांबरोबर गेले आणि त्यांचे निष्कर्ष मंजूर झाले. खुद्द अध्यक्ष रॉबर्ट्स यांनी आपल्याच समितीच्या त्या निष्कर्षांना विरोध नोंदवला. आणि हे मध्यावधी निवडणुकीच्या दोन महिने आधी. तेव्हा 'निवडणुकीआधी काहीच बाहेर येऊ दिलं नाही' हे सरसकट विधान टिकत नाही.

ऋतुगंध

२००६ पुरतं मान्य. २००४ पुरतं नाही.

तांब्याची तार

उत्तरध्रुव म्हणाले तो विधानांचा अवघडपणा एका उदाहरणावर पाहू या, कारण 'आधार होता का' हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही.

ॲल्युमिनियमच्या नळ्या. इराकनं मागवलेल्या ६०,००० नळ्या, मिश्रधातू ७०७५-टी६, बाहेरचा व्यास ८१ मिलिमीटर. २००१ मध्ये त्यातला माल जॉर्डनमध्ये पकडला गेला. सीआयए म्हणाली, युरेनियम समृद्ध करायच्या सेंट्रिफ्यूजसाठी. ऊर्जा खातं म्हणालं, नाही, इराककडे ८१ मिलिमीटरचं 'नासेर' रॉकेट आहे, त्याच्यासाठी. यात वजन कोणाच्या मताला? सेंट्रिफ्यूज बांधणारी, चालवणारी माणसं ऊर्जा खात्याच्या प्रयोगशाळांत बसतात.

ऑक्टोबर २००२ च्या राष्ट्रीय गुप्तचर अंदाजपत्रात, म्हणजे सर्व यंत्रणांनी मिळून काढलेल्या अंदाजात, हा मतभेद होता. परराष्ट्र खात्याच्या गुप्तचर विभागानं तर अणुकार्यक्रम पुन्हा उभा राहतोय हेच मान्य केलं नव्हतं. तीन दिवसांनी, ४ ऑक्टोबरला, जनतेसाठी जी श्वेतपत्रिका निघाली, तिच्यात एवढंच उरलं की बहुतेक तज्ज्ञांना अमुक वाटतं, काहींना तमुक. ते 'काही' कोण, हे गेलं. ७ ऑक्टोबरला सिनसिनाटीच्या भाषणात बुश यांनी नळ्या सेंट्रिफ्यूजसाठी लागणाऱ्या म्हणूनच सांगितल्या. युद्धाला परवानगी द्यायची सभागृहांची मतदानं झाली १० आणि ११ ऑक्टोबरला: प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३.

आता सांगा, बुश यांच्या विधानाला आधार होता का? अंदाजपत्रातल्या बहुमताशी ताडलं तर होता. ऊर्जा खात्याच्या टिपणाशी ताडलं तर नव्हता. समितीला आधी हे ठरवावं लागतं की ताडून पाहायचं ते सर्व यंत्रणांनी मिळून काढलेल्या दस्तऐवजाशी, की कुठल्याही एका यंत्रणेच्या एखाद्या अहवालाशी. दुसरी कसोटी घेतली तर जवळजवळ कोणतंही विधान निभावतं, कारण हजारो कच्च्या अहवालांत काही ना काही सापडतंच. ही कसोटी ठरेपर्यंत काम पुढे सरकत नाही, आणि ज्याला काम पुढे जायला नको आहे, त्याला कसोटीवर वाद घालत राहणं पुरतं.

२००८ च्या अहवालात अणुकार्यक्रमाच्या विधानांवर निष्कर्ष आला तो असा: गुप्तचर अंदाजांचा सर्वसाधारण आधार होता, पण यंत्रणांमधले मोठे मतभेद विधानांत उतरले नाहीत. एवढं वाक्य लिहायला चार वर्षं लागायची गरज नव्हती. अंदाजपत्राचे मुख्य निष्कर्ष, मतभेदासकट, जुलै २००३ मध्येच खुले झाले होते.

कागदपत्री

शेवटच्या वाक्याला जोरदार अनुमोदन.

'कोणाची विधानं' या वादाचं पुढे काय झालं तेही सांगतो. रॉबर्ट्स यांचा आग्रह होता की काँग्रेस सदस्यांची विधानंही तपासावीत, कारण डेमोक्रॅट नेतेही २००२ मध्ये तसंच बोलत होते. ते बोलत होते हे खरंच आहे. पण फेब्रुवारी २००४ च्या मजकुरात 'सरकारी अधिकारी' होते आणि यादी अशी वाढवली की काम कित्येक पटींनी वाढतं. रॉकफेलर यांनी अखेर पाच भाषणं केंद्रस्थानी ठेवली: चेनी यांचं २६ ऑगस्ट २००२ चं नॅशव्हिलमधलं, बुश यांची तीन म्हणजे १२ सप्टेंबर २००२ चं संयुक्त राष्ट्रांतलं, सिनसिनाटीचं आणि २८ जानेवारी २००३ चं, आणि परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांचं ५ फेब्रुवारी २००३ चं सुरक्षा परिषदेतलं. अहवाल १० विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला, हेगल आणि स्नो पुन्हा बरोबर. उपाध्यक्ष किट बाँड आणि इतर रिपब्लिकन सदस्यांनी विरोधी टिपण जोडलं आणि त्यात डेमोक्रॅट नेत्यांची विधानं वगळल्याबद्दल कडक टीका केली.

आडवाट

एक शंका. समितीतल्या सदस्यांना हे सगळं आधीच वाचायला मिळतं ना? मग एखादा सिनेटर सभागृहात उभा राहून वाचून का दाखवत नाही? भाषणासाठी त्याच्यावर खटला भरता येत नाही म्हणतात.

खारवी

राज्यघटनेनुसार नाहीच भरता येत. १९७१ मध्ये सिनेटर माइक ग्रॅव्हेल यांनी पेंटॅगॉन पेपर्स, म्हणजे व्हिएतनाम युद्धावरचे गुप्त कागद, उपसमितीच्या बैठकीत वाचून कामकाजात घातले आणि त्यांच्यावर खटला झाला नाही. पण सभागृह स्वतः शिस्तभंगाची कारवाई करू शकतं, समितीवरून काढू शकतं. आणि एकदा असं केलं की यंत्रणा पुढचे कागद द्यायला हात आखडता घेतात, ही भीती खरी असते.

नियमातली वाट दुसरी आहे. १९७६ च्या ठरावाचं आठवं कलम. समिती मतदान करून ठरवते की अमुक मजकूर प्रसिद्ध करणं जनहिताचं आहे. मग राष्ट्राध्यक्षांना कळवायचं. पाच दिवसांत त्यांनी लेखी आक्षेप घेतला नाही तर प्रसिद्ध करता येतं. आक्षेप घेतला तर विषय पूर्ण सिनेटसमोर, आणि तोही बंद दाराआड. हे कलम धाक म्हणूनच जास्त उपयोगी पडतं.

प्रत्यक्षात चालतं ते असं. समिती मसुदा सीआयएकडे पाठवते. सीआयए तो ज्या ज्या यंत्रणेची माहिती त्यात आहे तिच्याकडे फिरवते: डीआयए (संरक्षण खात्याची गुप्तचर संस्था), एनएसए (संदेश टिपणारी संस्था), ऊर्जा, परराष्ट्र. जो तो काळ्या पट्ट्या ओढतो. मसुदा परत येतो, मग ओळीओळीवर घासाघीस. २००४ च्या पहिल्या अहवालात सीआयएला सुरुवातीला जवळपास निम्मा मजकूर झाकायचा होता. रॉबर्ट्स आणि रॉकफेलर दोघंही त्याविरुद्ध एकत्र उभे राहिले, म्हणून झाकलेला भाग बराच कमी झाला. यावरून दिसतं की समितीच्या अध्यक्षाची इच्छा असेल तर गोपनीयतेची पायरी काही आठवड्यांत ओलांडता येते.

दर्यावर्दी

इच्छा नसेल तर काय होतं, त्याचं उदाहरण लीबी. लिबी नव्हे, इब्न अल-शेख अल-लीबी, अल कायदाचा कैदी. इराकनं अल कायदाच्या लोकांना रासायनिक आणि जैविक शस्त्रांचं प्रशिक्षण दिलं, हा दावा त्याच्या जबानीवर उभा होता. डीआयएनं फेब्रुवारी २००२ मध्येच लिहून ठेवलं होतं की हा माणूस चौकशी करणाऱ्यांची मुद्दाम दिशाभूल करत असावा. पॉवेल यांनी तीच जबानी वर्षभरानं सुरक्षा परिषदेत मांडली. डीआयएचं ते परिच्छेदभर टिपण खुलं झालं नोव्हेंबर २००५ मध्ये, तेही डेमोक्रॅट सिनेटर कार्ल लेव्हिन यांनी मागे लागून खुलं करून घेतलं म्हणून. त्यात कोणत्याही खबऱ्याचं नाव धोक्यात येत नव्हतं.

सांजवारा

मला व्हाइट हाउसच्या कागदांबद्दल विचारायचं होतं. अध्यक्षांना रोज सकाळी जे गुप्तचर टिपण मिळतं, ते समितीनं पाहिलं का?

कागदपत्री

नाही. ते द्यायला व्हाइट हाउसनं नकार दिला. २००८ चा विधानांवरचा अहवाल यंत्रणांनी काढलेल्या आणि काँग्रेसलाही उपलब्ध असलेल्या दस्तऐवजांवर बेतला आहे. अधिकाऱ्यांना तोंडी काय सांगितलं गेलं, अनौपचारिक देवाणघेवाण काय झाली, हे त्याच्या कक्षेत नाही. तुमच्या प्रश्नानं एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली: उशिरा आलेला अहवाल अपुराही असू शकतो. वेळ गेला म्हणून खोली वाढली असं समजू नये.

थेम्सकाठी

इथे ब्रिटनमध्ये बसून वाचताना वाटतं, अमेरिकेत निदान संसदीय समितीनं काम पुरं केलं. इकडे परराष्ट्र व्यवहार समितीनं जुलै २००३ मध्येच अहवाल दिला, म्हणजे अतिशय वेगानं, पण तिला गुप्तचर कागद पाहायला मिळाले नव्हते आणि गुप्तचर प्रमुखांची साक्षही घेता आली नव्हती. वेग होता, हातात काही नव्हतं. फेब्रुवारी २००४ मध्ये गुप्तचर माहिती तपासायला बटलर समिती नेमली, तिनं पाच महिन्यांत १४ जुलैला अहवाल दिला. पण राजकीय निर्णय तिच्या कक्षेबाहेर, म्हणून लिबरल डेमोक्रॅट पक्षानं तिच्यात सामील व्हायलाच नकार दिला.

मग इराक युद्धावरची चिल्कॉट चौकशी. घोषणा १५ जून २००९, प्रसिद्धी ६ जुलै २०१६. बारा खंड, २६ लाख शब्द. शेवटची जाहीर साक्ष फेब्रुवारी २०११ मध्ये झाली होती, म्हणजे पुढची पाच वर्षं लेखन आणि वाटाघाटीत. दोन गोष्टींत वेळ गेला. ब्लेअर-बुश पत्रव्यवहार आणि संभाषणं किती छापायची यावर चौकशी आणि कॅबिनेट सचिव यांच्यात मे २०१४ पर्यंत समझोता होत नव्हता. दुसरी गोष्ट, ज्यांच्यावर टीका आहे त्यांना तो भाग आधी दाखवून त्यांचं उत्तर घ्यायची इथली पद्धत. पद्धत न्यायाची आहे, पण उत्तराला पक्की मुदत घातली नाही तर ती संपत नाही. मारल्या गेलेल्या सैनिकांच्या कुटुंबांनी २०१५ मध्ये कोर्टात जायचा इशारा दिला, त्यानंतर तारीख ठरण्याच्या हालचाली दिसल्या.

आडवाट

डेन्मार्कमध्ये तर २०१२ मध्ये नेमलेला इराक-अफगाणिस्तान आयोग २०१५ मध्ये सरकार बदलल्यावर सरळ बंदच केला. उशिराचं टोक म्हणायचं ते हे.

पारिजात

अवांतर वाटेल, पण आपल्या देशाचं काय? आपल्या संसदेत गुप्तचर यंत्रणांवर देखरेख करणारी समितीच नाही. १९६२ च्या पराभवानंतरचा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल १९६३ मध्ये तयार झाला आणि सरकारनं तो आजवर अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. संसदेला मिळालं ते २ सप्टेंबर १९६३ चं संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांचं निवेदन. त्यांनी अहवालाचे विषय सांगितले, म्हणजे प्रशिक्षण, साधनसामग्री, नेतृत्वाची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता, सेनाधिकाऱ्यांची कुवत. गुप्तचर माहिती समाधानकारक नव्हती असंही कबूल केलं. पण मूळ कागद सदस्यांसमोर ठेवला नाही.

उत्तरध्रुव

पारिजातताई, अवांतर अजिबात नाही. कारगिल समीक्षा समिती मात्र उलट उदाहरण आहे. २९ जुलै १९९९ ला नेमणूक, के. सुब्रह्मण्यम अध्यक्ष, डिसेंबरमध्ये अहवाल तयार, २३ फेब्रुवारी २००० ला संसदेच्या पटलावर, काही भाग सुरक्षेच्या कारणानं गाळून. सात महिन्यांत सगळं. वेग जमला कारण ती सरकारनं नेमलेली समिती होती आणि कोणा एकाला दोषी ठरवणं तिचं कामच नव्हतं. म्हणजे वेग हवा असेल तर प्रश्न अरुंद करून मिळतो. सिनेटमध्ये पहिला टप्पा वर्षभरात झाला तोही यामुळेच. सत्ताधारी पक्षाला खुपणारा प्रश्न त्यातून काढलेला होता.

कागदपत्री

उत्तरध्रुव, हे तर माझंच म्हणणं झालं :) प्रश्न काढला म्हणून वेग आला, आणि काढलेला प्रश्न चार वर्षं बाहेर पडून राहिला.

उत्तरध्रुव

तेवढ्यापुरती सहमती. काढलेला प्रश्न मुळात जास्त वेळ खाणारा होता, हे मी सोडत नाही.

तांब्याची तार

इतिहासातली एक जोड देतो. व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर ४ ऑगस्ट १९६४ ला झालेला तथाकथित दुसरा हल्ला. त्यावर काँग्रेसनं तीन दिवसांत लष्करी कारवाईला मोकळीक देणारा ठराव केला, प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. सिनेटच्या परराष्ट्र समितीनं त्या हल्ल्याच्या पुराव्यावर सुनावणी घेतली ती फेब्रुवारी १९६८ मध्ये. साडेतीन वर्षांनी, व्हिएतनाममध्ये पाच लाखांच्या आसपास अमेरिकी सैन्य उतरल्यावर.

एनएसएचे इतिहासकार रॉबर्ट हॅनयॉक यांनी त्या रात्रीच्या रेडिओ संदेशांचा अभ्यास करून लिहिलं की संदेशांची निवड आणि मांडणी हल्ला झाला असं वाटेल अशी केली गेली होती. तो लेख संस्थेच्या अंतर्गत प्रकाशनात आला होता. तो खुला झाला २००५ च्या अखेरीस. उशिराचं एक कारण असं छापून आलं होतं की इराकच्या माहितीशी तुलना होईल अशी वरिष्ठांना धास्ती होती. रीड यांनी सिनेटची दारं बंद केली, त्याच्या आदल्याच दिवशी ही बातमी न्यूयॉर्क टाइम्समध्ये होती.

मध्यरात्र

बापरे. हा योगायोग ठाऊक नव्हता.

ऋतुगंध

मूळ प्रश्नाकडे येते. धाग्यावर आलेल्या गोष्टींतून मला चालढकलीच्या दोन खुणा पक्क्या वाटतात. एक, प्रश्न अशा संस्थेकडे पाठवणं जिला तो प्रश्न विचारायचा अधिकारच नाही. दोन, जो कागद आधीच खुला आहे त्यावर आधारलेला भागही न करणं. नळ्यांबद्दलचं प्रकरण २००४ मध्येच लिहून होण्यासारखं होतं. मुलाखती, वकील, काळ्या पट्ट्या, यातला उशीर मी बाहेरून कुणाच्या हेतूवर ढकलणार नाही.

खारवी

तिसरी जोडा: मसुदा लेखी तयार असून मताला न टाकणं. ते बाहेरून दिसत नाही, पण समितीच्या अल्पमताची पत्रं वाचली की कळतं.

आणि घड्याळ उलटंही चालवता येतं. सीआयएनं कैद्यांच्या केलेल्या छळाबद्दलचा सिनेटचा अहवाल समितीनं डिसेंबर २०१२ मध्ये ९ विरुद्ध ६ नं मंजूर केला, एप्रिल २०१४ मध्ये सारांश खुला करायला ११ विरुद्ध ३ नं मत दिलं, मग टोपणनावंसुद्धा झाकायची की नाही यावर आठ महिने गेले. जानेवारी २०१५ मध्ये डेमोक्रॅट पक्षाचं बहुमत जाणार हे नोव्हेंबरच्या निकालांनी ठरवलं होतं. समितीच्या डेमोक्रॅट अध्यक्ष डायॅन फाइनस्टाइन यांनी ९ डिसेंबर २०१४ ला सारांश बाहेर काढला. महिनाभर थांबल्या असत्या तर तो कदाचित आजही तिजोरीत असता.

सांजवारा

ज्यांना मूळ अहवाल वाचायचे आहेत त्यांनी सुरुवात कुठून करावी? पाचशे पानं पाहून धीर होत नाही.

कागदपत्री

आधी कार्यकक्षेचं पान, साधारण सुरुवातीलाच असतं. समितीनं काय पाहिलं नाही हे तिथे किंवा प्रस्तावनेत लिहिलेलं असतं. मग थेट शेवटी जा: मतदान आणि सदस्यांची जोड टिपणं. २००४ च्या अहवालात विश्लेषकांवर दबाव आणल्याचा पुरावा मिळाला नाही असा निष्कर्ष आहे, आणि त्याच अहवालाच्या शेवटी रॉकफेलर, लेव्हिन, डर्बिन यांचं टिपण त्याला वेगळं वळण देतं. दोन्ही वाचल्याशिवाय एकावरही विसंबू नका. त्यानंतर निष्कर्षांची यादी, आणि ज्या निष्कर्षावर शंका आली तेवढंच प्रकरण मधून.

२००८ चे दोन घेणार असाल तर विधानांचा आधी वाचा. अल कायदाशी भागीदारी आणि सद्दाम अतिरेक्यांना शस्त्रं देईल, या दोन दाव्यांवरची प्रकरणं सर्वात स्पष्ट आहेत. पहिल्याला आधार नव्हता, दुसरा उपलब्ध माहितीच्या विरुद्ध होता असं समितीनं थेट लिहिलं आहे. त्याला लागून बाँड यांचं विरोधी टिपण वाचा. दुसरा अहवाल, म्हणजे फाइथ यांच्या कार्यालयाच्या विषयातला, पेंटॅगॉनच्या लोकांच्या रोममधल्या भेटींवरचा, छोटा आहे, एका बैठकीत होतो.

सांजवारा

उतरवून घेतला. विधानांच्या अहवालापासून सुरू करते, अडलं तर इथेच विचारीन.